जुना फोन पुसायचा राहिला

५ एप्रिल, शनिवार

पोखर्णीत आलो बुवा एकदाचा. मानवतहून टेम्पो निघाला तेव्हा सकाळचा गारवा होता, इथं सामान उतरवेस्तोवर पत्रे तापून टकटक वाजायला लागले. सामान तरी किती? एक खाट, दोन पेट्या, देवाचं ताट, शेगडी, भांडी आणि गिरणीतला तो लाकडी स्टूल, ज्याच्यावर बसून जन्मभर लोकांचं पीठ दळलं. टेम्पोवाला म्हणाला, आप्पा, एवढ्यासाठी टेम्पो केलाव व्हय, सायकलीवर आलं असतं की.

घर दोन खोल्यांचं. माझी लेक शिवरंजनी, म्हणजे रंजू, हैदराबादला नोकरीला असते. तिच्या मैत्रिणीच्या माहेरचं हे घर. ती माणसं नांदेडला गेली, घर नुसतं बंद पडलं होतं. गिरणी बंद केल्यापासून मी मागच्या खोलीत एकटा खोकत पडतो, हे रंजूला बघवेना. हैदराबादला चला म्हणाली. मी म्हणलो, बाई, तुझ्या त्या आठव्या मजल्यावर मला घेरी येईल. खरं कारण वेगळं. तिचा संसार बेतास बात जागेतला, त्यात माझी खाट कुठं टाकणार? मग तिनंच हे बघितलं. हवा मोकळी, शेजार चांगला, जवळ देऊळ.

देऊळ नरसिंहाचं आणि आमी शिवाची माणसं, गळ्यात लिंग बांधणारी. तरी पाहुण्यासारखा जाऊन नमस्कार करून आलो. परत येऊन मागचं दार उघडतो तर परसात बेलाचं झाड! मला लय बरं वाटलं. परक्या गावात ओळखीचं माणूस भेटावं तसं.

शेजारच्या सुलाबाईनं चहा आणला. शेळ्या पाळते, तोंडानं फटकळ, मनानं मऊ. भांडी बघून म्हणाली, माणूस एक आन ताटं चार? मी म्हणलो, पाहुणे येतील की. कोण येणार हाय, म्हणाली. लेक येणार हाय बसवजयंतीला, असं मी म्हणून गेलो. म्हणलो खरा, पण रंजूला मी ये म्हणून अजून बोललेलोच नाही. दर वेळी ओठापर्यंत येतं, आणि तोंडातून निघतं, बरं ठेव आता, कामाचा खोळंबा होईल तुझा.

ही डायरी बियाणाच्या दुकानदारानं दिलेली. माझी शाळा चौथीपर्यंतच, पुढचं वाचन पुड्यांच्या कागदावर झालं. तेव्हा अक्षराला हसू नये. हसायला इथं आहे तरी कोण म्हणा.

७ एप्रिल, सोमवार

रंजूनं पाठवलेला नवा फोन आला. खोक्यात असा निजला होता जसं दुपट्यातलं लेकरू. अजून हात लावलेला नाही, जुना हातातून सुटत नाही म्हणून.

जुन्याची गोष्ट लिहून ठेवतो. सहा वर्षं तो माझ्या बंडीच्या खिशात राहिला, लिंगाच्या शेजारी, छातीला चिकटून. घाम प्याला, पीठ खाल्लं. गेल्या पावसाळ्यापासून त्याला खोड लागली. बोट न लावता आपोआप दाबला जातो. खाटेवर ठेवलेला असतो, आणि काचेवर कुणीतरी टिचक्या माराव्यात तशी चित्रं उघडतात, मिटतात. मधेच रंजूला फोन लागतो. ती मीटिंगमधून बाहेर धावत येते, काय झालं आप्पा, काय झालं? काही नाही बाई, मी भाजी निवडायलो.

एकदा त्यानं तिला आपल्या मनानं लिहून पाठवलं, ‘ये’. नुसतं तेवढंच. थोड्या वेळानं परत, ‘ये’. तिनं घाबरून फोन केला तर मला इतकी शरम वाटली. म्हणलो, अगं ती फोनची खोड हाय, मी कशाला म्हणीन? ती म्हणाली, मग नवाच पाठवते.

तिची ताकीद अशी की सगळं एकदम नव्या फोनात ओतू नका, नाहीतर ती खोडबी त्यात जाईल. परभणीला नेऊन जाणत्याकडून करून घ्या.

९ एप्रिल, बुधवार

सकाळच्या बसनं परभणी. स्टेशनच्या रस्त्याला सिद्धोधन म्हणून एक जण बसतो. चाळिशीचा, डोळ्याला भिंग लावून. दुकान म्हणजे एक कपाट आणि एक पंखा, पण हात शांत. मला स्टूल दिला, पाणी दिलं.

जुना फोन हातात घेतला तसा तो त्याच्याही हातात उघडमीट करायला लागला. हसला. म्हणाला, काका, ह्याला आमच्यात भुताचं बोट म्हणतेत. काच खराब झाली की होतंय, नाहीतर आतलं एखादं ॲप बिघडलेलं असतंय. काचेतलं काचेत राहील. ॲपातलं असंल तर ॲप न्यायचंच न्हाई. घर बदलताना खाट न्यावी, ढेकणं कशाला न्यावी?

मग एकेक करून काढलं. आधी नावं आणि नंबर. मग फोटो. भागम्माचा, म्हणजे आमच्या घरातल्या माणसाचा, रंजूच्या आईचा, एकच फोटो आहे, कागदी फोटोवरून काढलेला. ती जाऊन लय वर्षं झाली. तो नव्या काचेवर लख्ख उमटला तेव्हा सिद्धोधननं पंख्याचं तोंड माझ्याकडं केलं आणि स्वतः दुसरीकडं बघत बसला. सिमकार्ड बदललं. व्हॉट्सॲप नव्यात नव्यानं उतरवून घेतलं, जुन्या गप्पा तेवढ्या ओढल्या. बाकी काही उचललं नाही.

उठताना म्हणाला, काका, एक काम राहिलं. जुना पुसून टाका. पुसल्याबिगर कुठं ठेवू नका का कुणाला देऊ नका. त्याच्यात तुमी अजून हाव, तुमच्या नावानं चालू हाय तो. आणा, मीच पुसतो. मी म्हणलो, घरी करीन निवांत. आजच्या आज सहा वर्षांवर बोळा फिरवायला जीव होईना.

बसमध्ये नवा फोन खिशात होता. गुमान. सारवलेल्या अंगणागत. मला उगाच चुकल्यासारखं वाटत राहिलं.

१० एप्रिल, गुरुवार

आज एक येडेपणा केला. रंजू हसली, म्हणून लिहून ठेवतो.

आमच्यात माणूस जाळत नाहीत. बसवतात. मातीत खड्डा घेऊन, आत एका बाजूला कोनाडा कोरून, त्यात मांडी घातलेला बसवतात. विभूती, बेल, आणि माती लोटायच्या आधी जवळच्यानं नाव घेऊन सांगायचं, की तू अमुक, बस इथं शांत. आणि अंगाला लागलेली वस्तू उकिरड्यावर टाकायची नाही, ही माझ्या आईची शिस्त. आजोबांची काठी, बापाचा पानाचा डबा, सगळं तिनं असंच परसात बसवलं होतं.

तर दुपारी बेलाखाली खुरप्यानं कोपरभर खड्डा घेतला. कोनाडा केला. त्यात जुना फोन टेकून उभा बसवला. पुसायचं मनात होतं, पण बटन कुठं आहे ते सापडेना, आणि खरं सांगायचं तर मी फार शोधलंही नाही. विभूती लावली, पान ठेवलं. आता नाव काय घ्यावं? रंजूनं मागं त्याला नाव देऊन ठेवलेलं. बटन दाबलं की काचेवर आधी तेच यायचं. तेच वाचलं. म्हणलो, शिवप्रकाश, बस इथं शांत.

ते माझंच नाव. मला हसू आलं. हसायला सोबत कुणी नव्हतं म्हणून जरा मोठ्यानंच हसलो.

शेवटची ओंजळ टाकताना काच एकदा उजळली. बॅटरी असेल थोडी. माती लोटली, आंघोळ केली, पिठलं भाकरी खाल्ली.

संध्याकाळी रंजूला सांगितलं. आप्पा, तुमी बी ना, म्हणून ती किती वेळ हसत होती. पुसला होता ना आधी? मी म्हणलो, बसवला की गं नीट. तिनं पुढं विचारलं नाही, मीही बोललो नाही.

१४ एप्रिल, सोमवार

बाबासाहेबांची जयंती. सिद्धोधनचा निळ्या झेंड्याचा फोटो आला, शुभेच्छा आल्या. गावातली मिरवणूक दारावरून गेली. मी माठ बाहेर ठेवला होता, पोरांनी चट्ट केला. चांगला दिवस गेला.

नवा फोन गुणी आहे, पण माझं बोट ओळखत नाही. तीन-चारदा दाबावं तेव्हा कुठं एकदा लागतं. ही माझी जुनीच कटकट आहे. पिठानं बोटांच्या रेषा झिजल्या, रेशनच्या मशीनलाही अंगठा लागत नाही. सुलाबाई म्हणाली, दाण्यासंगं बोटंबी दळलाव काय आप्पा? बोट ओलं करून बघा म्हणाली. ओलं केलं की लागतं.

रंजूचा फोन आला तेव्हा तिचा आवाज नेहमीपेक्षा हलका होता. म्हणाली, आप्पा, सकाळी किती छान बोललात. मी म्हणलो, कधी? ती म्हणाली, अहो ते बोलून पाठवलेलं की. मी म्हणलो, असेल काहीतरी. बोट लागलं असेल कुठं.

१७ एप्रिल, गुरुवार

मी बोललेलो नाही. आज विचार करून करून डोकं शिणलं.

रंजू सांगते, तुमी आता रोज दुपारी फोन करता, निवांत बोलता, आईच्या गोष्टी काढता. पहिल्यासारखं ठेव-ठेव करत न्हाई. ती इतकी खूश होती की मला मधे काही म्हणवेना. दुपारी तर मी निजलेला असतो. फोन उशाला. त्यात तशा कॉलची नोंद नाही.

मी म्हणलो, काय बोललो गं मी काल? तिला गंमत वाटली. म्हणाली, तुमचंच तुमी विसरलाव? तुमी म्हणलाव, रंजू, पोटभर जेवत जा. माझी काळजी करू नको. इथं लय गार आहे, ऊन लागत नाही.

बाहेर बघितलं. परभणीचं एप्रिलमधलं ऊन. कुत्रं मोरीत पाय पसरून पडलेलं, पत्रा टकटक वाजतोय, माझी बंडी पाठीला चिकटलेली.

गार कुठं आहे?

१९ एप्रिल, शनिवार

सिद्धोधनकडं जाऊन आलो. त्यानं नवा फोन तपासला. तब्येत ठणठणीत म्हणाला, एकही खोड आलेली न्हाई. मी रंजूचं सांगितलं तसं त्यानं व्हॉट्सॲपमध्ये कुठंतरी आत जाऊन बघितलं. म्हणाला, काका, तुमचं खातं अजून एका फोनला जोडलेलं हाय. हे बघा.

काचेवर लिहिलं होतं, शिवप्रकाश. खाली, ‘आत्ता चालू’.

जुना दिसतोय, म्हणाला. पण सिम न्हाई, तर नेट कुणाचं घ्यायलाय? कुठं ठेवलाव? मी म्हणलो, घरी. चार्जिंगला हाय का? मी म्हणलो, न्हाई. त्यानं माझ्यादेखत तो जोड तोडला. नाव गेलं. आमी दोघं बघत बसलो. पंखा एक फेरा फिरून आमच्याकडं आला, आणि नाव परत उमटलं.

सिद्धोधनचा चेहरा उतरला. म्हणाला, पुसला न्हाई का तुमी? घेऊन या काका, उद्याच्या उद्या. समोर बसून पुसतो.

आणखी एक. तो मला सारखा म्हणत होता, काय म्हणलाव काका? जरा मोठ्यानं. मी तर गिरणीत बोलायचो तसाच बोलत होतो. गिरणीच्या खडखडाटात बोलणारा माणूस मी. माझा आवाज कुणाला कधी कमी पडला नाही.

२१ एप्रिल, सोमवार

उद्याच्या उद्या म्हणाला होता, पण काल दिवसभर खुरपं हातात घेऊन उंबऱ्यावर बसलो. बसवलेलं उकरत नाहीत. आईचा आवाज आठवतो.

आज जवळ जाऊन बघितलं. माती सपाट केली होती, ती वर आली आहे. चांगलीच. आणि वाटोळी नाही, लांबट. हात ठेवला तर माती गार, माठाच्या बुडासारखी. भर दुपारी. सुलाबाईची शेळी कुंपणातून घुसली होती, बेलाची पानं खायला. मातीपाशी आली, थबकली, आणि आली तशी उलट्या पावली गेली.

सुलाबाई कुंपणाच्या पलीकडून म्हणाली, आप्पा, लय खुशीत हाव जणू. दुपारी परसात कुणासंगं हसायलाव? तुमच्या हसण्यानं माझी झोपमोड होतीय.

कधी, म्हणलो. तिनं शुक्रवारची दुपार सांगितली. तेव्हा मी देवळाच्या ओट्यावर बसलो होतो.

२३ एप्रिल, बुधवार

रंजूचा फोन आला. मी बोलतोय, बोलतोय, आणि ती म्हणते, आप्पा? आप्पा ऐकू येईना. नुसती खरखर येतीय, माती लोटल्यासारखी. ठेवते, तुमीच लावा.

लावायला गेलो तर बोट लागेना. ओलं केलं. दुसरं केलं. नाकानं दाबलं, जिभेनं. काच थंड. मी जणू तिथं नाहीच.

आणि परसातून माझा आवाज आला. अगदी नीट, घरगुती. बोल रंजू. होय बाई, मघाशी लाईन खराब होती.

मी खिडकीपाशी उभा राहिलो. माझाच आवाज, पण माझ्या तोंडी कधी न आलेलं बोलत होता. म्हणाला, लय एकटं वाटतं गं. तू ये. बसवजयंतीला ये. रजेचं काय एवढं? ये, जवळ बस.

माझ्या मनातलं सगळं त्याच्यात राहिलं आहे. मी तिला म्हणायचं टाळलं, ते सगळं.

दुपारभर खाटेवर बसून राहिलो. खोटं कशाला लिहू — ती येणार हे ऐकून क्षणभर बरं वाटलं होतं.

२५ एप्रिल, शुक्रवार

आई, माफ कर. उकरलं.

सूर्य माथ्यावर असताना टिकाव घेतला. कोपरभर खाली असायला हवा होता. नव्हता. मांडीइतकं खणलं. कंबरेइतकं. माती आपणहून सुटत होती, जणू कुणी आधीच भुसभुशीत करून ठेवलेली. मग टिकाव पोकळीत गेला.

आत कोनाडा आहे. मी केला होता तो वीतभर. हा बसलेल्या माणसाच्या उंचीचा. भिंती गुळगुळीत, सारवलेल्या. विभूती पसरलेली आणि तिच्यावर मांडी घालून बसल्याची खूण, ताजी. फोन नाही. कोणीच नाही. पण आवाज त्या खुणेच्या वरून, माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून आला — रंजूशी बोलत होता. गाडी कुठली धरलीस? बरं. आलीस की पुढच्या दारानं नको, मी परसात असतो. बोळातून सरळ मागं ये.

त्या कोनाड्याशेजारी दुसरा कोनाडा आहे.

नवा. लहान. बाईमाणसाच्या मापाचा.

२६ एप्रिल, शनिवार

खड्डा दगड घालून बुजवला. सकाळपासून. हाताची सालं निघाली. दुपारी चार घास खाऊन बाहेर आलो तर दगड कडेला रचलेले. नीट, ओळीनं. मी रचतो तसेच.

सुलाबाईला हाका मारल्या. कुंपणाशी उभी होती, शेळीला पाला घालत. टाळ्या वाजवल्या. तिनं बघितलं, पण माझ्यातून पलीकडं. परसाकडं तोंड करून म्हणाली, काय आप्पा, लेक येणार म्हणून खड्डे खणून झाडं लावायलाव व्हय?

खालून उत्तर आलं. होय बाई, म्हणलं. ती हसली.

२७ एप्रिल, रविवार

परभणीला गेलो. कंडक्टरनं मला तिकीट विचारलं नाही. सिद्धोधनचं कपाट उघडं होतं. मी स्टूलवर बसलो, एक माणूस येऊन माझ्यावरच बसायला लागला, मी उठलो. सिद्धोधनच्या तोंडासमोर ओरडलो. त्यानं मान वर केली, पंख्याकडं बघितलं, परत भिंग लावलं.

मग सुचलं. चिठ्ठी. त्याच्याच पेननं लिहिलं — रंजूला फोन कर, येऊ नको म्हण — आणि खाली तिचा नंबर. समोर ठेवली. उचलली त्यानं! वाचली. इकडं तिकडं बघितलं. नंबर लावला. मी हात जोडून उभा.

तो म्हणाला, ताई, पोखर्णीच्या काकांची चिठ्ठी हाय, येऊ नका म्हणतेत. पलीकडून ती हसली असावी. तो म्हणाला, असं व्हय. बरं बरं. फोन ठेवून शेजाऱ्याला सांगत होता, म्हाताऱ्याशी ती दुसऱ्या फोनवर बोलायलीच हाय. तो म्हणतोय, आमचा स्वभावच तसा, मनात ये असतंय आन तोंडानं नको म्हणतो.

खरं आहे. तसाच स्वभाव आहे माझा.

पण लिहिलेलं दिसतं. एवढं कळलं. लिहिलेलं अजून दिसतं.

२९ एप्रिल, मंगळवार

तीन कागद लिहिले. एक पुढच्या दाराला, एक बोळाच्या तोंडाला, एक बेलाला. रंजू, मागं जाऊ नको. मोठ्या अक्षरात.

बोळातला शेळीनं खाल्ला. बेलाचा दुपारी खाली पडला, खड्ड्यात — नाही, पडला नाही. ओढला गेल्यासारखा.

पुढच्या दाराचा आहे. पण ती पुढून येणारच नाही.

रात्रीच्या गाडीत बसली असेल ती. मला पेन धरायला त्रास होतोय. बोटांना ते नीट लागत नाही. धरतो मी.

३० एप्रिल, बुधवार. बसवजयंती

खड्ड्याच्या काठावर बसलो आहे, डायरी मांडीवर. इथून बोळ दिसतो. पत्रे तापायला लागलेत.

खालचा सकाळपासून गुणगुणतो आहे. भागम्मा पोळ्या लाटताना गुणगुणायची ते.

रिक्षा थांबली. तिचा आवाज. सुलाबाईशी बोलायली. सुलाबाई म्हणायली, लय वाट बघायलेत बाई तुझी, जा, मागंच हायत —

आली. निळी साडी नेसली आहे. वाळली आहे पोरगी. फोन कानाला.

रंजू, हे वाच. मी डायरी तुझ्या वाटेत काठावर ठेवतो, हे पान वाच. कानाचा फोन टाकून दे. खाली बोलतो तो मी नाही. त्याला माझं नाव मीच दिलं, चूक माझी. मी इथं उभा आहे, तुझ्या आणि खड्ड्याच्या मधे. लय वाटतं गं जवळ बसावं. लय वाटतं. पण जा. आल्या पावली जा. ही चार ताटं राहू दे, तू जा —

वही बघितलीस. थांबलीस. बघितलीस ना? वाच की बाई, मोठ्यानं वाच —

न्हाई. काठावरची वही ओलांडायलीस. खाली वाकायलीस. हसायलीस. फोनमध्ये म्हणायलीस, आप्पा, एवढ्या खाली कशाला बसलाव, हात द्या, वर ओढते —

हात खालून यायलाय. माझ्यासारखाच —

माझा धर. रंजू, हा बघ, हा माझा, मी तुझ्या खांद्याला धरलंय, तुला लागेना का, लागेना का गं, ओला करतो, थांब, ओला —